सेवा मंडळापुढील दोन ठराव

(वडोदरा येथील आपल्या सेवा मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मावळत्या कार्यवाहांनी केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



कार्यवाहाचे भाषण म्हणजे चहा येईपर्यंतचा वेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. छापील अहवाल आपल्या हातात आहे. रक्तदान शिबिरे, नेत्रदानाचे अर्ज, मराठी माध्यमातून शिकलेल्या वडीलधाऱ्यांसाठी वाचनालयाची घरपोच सेवा, बालवर्ग, कोजागिरी हे सगळे त्यात आहे. जमाखर्च खजिनदार सांगतील. मी फक्त दोन ठराव मांडायला उभा आहे. दोन्ही ठराव गेल्या वर्षी ‘वेळेअभावी’ पुढे ढकलले गेले. वेळ भरपूर होता हे आपल्याला माहीत आहे. विषय अवघड होता.

सुरुवात २०१९ पासून करावी लागेल. ३१ जुलै २०१९ ला या शहरात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. एका पोलीस फौजदाराने गळ्याइतक्या पाण्यातून तान्ह्या मुलीला टबमध्ये ठेवून डोक्यावरून नेले, तो फोटो देशभर गेला. त्या पुरात आपल्या रुग्णसाहित्याच्या खोलीत घोटाभर पाणी आले. ही खोली फत्तेगंजच्या बाजूला तळमजल्यावर होती, भूखी कांसापासून फार लांब नाही. पाणी घोट्यापर्यंतच होते, नुकसान थोडे झाले. सप्टेंबर २०१९ च्या कार्यकारिणीत ठराव झाला : ‘रुग्णसाहित्य पहिल्या मजल्यावर हलवण्याची व्यवस्था कार्यवाहांनी करावी.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे.

मी ते केले नाही. पहिल्या मजल्याचे भाडे जास्त होते, मग दिवाळी आली, मग २०२० आले. त्या दोन वर्षांत खोलीत साहित्य राहिलेच नाही, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि खाटा सतत बाहेर होत्या. त्यामुळे खोलीचा विषय मनातून गेला. २०२२ मध्ये सगळे परत आले आणि आम्ही ते पुन्हा त्याच तळमजल्यावर नीट रचून ठेवले. कुलूप नवे आणले. कुलुपाचे बिल अहवालात दाखवले होते, कोणी आक्षेप घेतला नाही.

ऑगस्ट २०२४. गोकुळाष्टमीचा सोमवार होता, २६ तारीख. बडोद्याचा माणूस पावसाळ्यात दोन आकडे बघत असतो, आजव्याची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलाखालची विश्वामित्रीची पातळी. नदीची धोक्याची खूण पंचवीस-सव्वीस फुटांवर आहे. त्या आठवड्यात पाणी पस्तीस फुटांच्या वर गेले. ते तासाभरात आले आणि दोन-तीन दिवस हलले नाही. पावागडावरचा पाऊस आजवा आणि प्रतापपुरा तलावांतून विश्वामित्रीत येतो, शहराच्या कांसांचे पाणीही तिच्यातच येते, आणि पुढे ज्या ढाढर नदीला ती मिळते ती ढाढरच तुडुंब असली की आपले पाणी जायला वाट राहत नाही. मगरी सोसायट्यांच्या आवारात फिरून गेल्या. वनखात्याच्या आणि प्राणिमित्रांच्या पोरांनी त्या पकडून नेल्या, हे त्या दिवसांतले सगळ्यांत शिस्तीत झालेले काम.

आपल्या खोलीत छातीइतके पाणी होते. अकरा घडीच्या खाटा, व्हीलचेअर, वॉकर, दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेच्या गाद्या. लोखंड धुऊन, घासून, रंग देऊन परत वापरात आणले. कॉन्सन्ट्रेटर आणि गाद्या भंगारात गेल्या. त्या कॉन्सन्ट्रेटरपैकी एक एका सदस्याने पत्नीच्या वर्षश्राद्धाला दिला होता. तो बिघडल्याचे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, ‘बसा, चहा घ्या.’ दुसरे काही बोलले नाहीत. ते आजही समोर बसले आहेत.

आता या पुराच्या कामाबद्दल. अहवालात ‘मंडळाने पूरग्रस्तांना मदत केली’ असे एक वाक्य आहे आणि ते खरे आहे. पण आपल्याला काय जमले आणि काय जमले नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही. पहिल्या दोन दिवसांत आपण अन्नाची पाकिटे केली. शहरातल्या प्रत्येक संस्थेने तेच केले. एका सोसायटीत एकाच दुपारी चार संस्थांची पुरी-भाजी पोचली आणि पिण्याचे पाणी कोणाचेच पोचले नाही. वीज नव्हती म्हणून पंप नव्हता, पंप नव्हता म्हणून चौथ्या मजल्यावर नळ कोरडा, आणि जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी. पाणी ओसरल्यावर लोकांना हवे होते ते फावडी, खराटे, गमबूट, फिनाईल, ब्लीचिंग पावडर, टाकी उपसायला डिझेलचा पंप. चिखलात उघड्या पायांनी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, ताप आला तर अंगावर काढू नका, हे आपल्या सभासद डॉक्टरांनी दारोदार जाऊन सांगितले. माझ्या मते आपण केलेल्या सगळ्या कामात ते काम सर्वांत मोलाचे. त्याचा फोटो नाही. पाकिटांचे फोटो मात्र सतरा आहेत.

आणि फोन. पुण्याहून, बेंगळुरूहून, टोरांटोहून. ‘काका, आई फोन उचलत नाहीये.’ ‘दादा, बाबा एकटे आहेत, खालच्या मजल्यावर आहेत.’ आपली मुले शिकली, बाहेर गेली, यात वाईट काही नाही. आपणच त्यांना पाठवले. पण आपल्या जुन्या घरांतून आपणही हललो आहोत. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या उंचावरच्या वस्तीतले वाडे विकून आपण अकोटा, मुजमहुडा, समा इकडे बंगले आणि फ्लॅट घेतले. आजोबांनी नदीपासून लांब घर बांधले होते, आपण नदीचा देखावा दिसतो म्हणून जास्त पैसे दिले. आता त्या बंगल्यांत सत्तरी-ऐंशीच्या एकट्या माणसांची संख्या किती आहे, हे आपल्याला त्या रात्री कळले. कारण आपल्याकडे यादीच नव्हती. जी होती ती २०१८ च्या साहित्य संमेलनाच्या वेळी स्वयंसेवकांनी केलेली होती, आणि तीत निम्मे नंबर लँडलाइनचे होते.

एका काकूंपर्यंत आपण दोन दिवस पोचलो नाही. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मुलगा कॅनडातून दर तासाला फोन करत होता आणि मी त्याला दर तासाला ‘माणूस पाठवला आहे’ असे सांगत होतो. माणूस पाठवला होता हे खरे, पण जुन्या पत्त्यावर. तिसऱ्या दिवशी आमची दोन पोरे ट्रॅक्टरमधून पोचली, तेव्हा काकू शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या पहिल्या मजल्यावर पलंगावर बसून भाखरी आणि छुंदा खात होत्या. शेजारच्या भाईंनी त्यांना पहिल्याच रात्री पाठीवर घेऊन वर नेले होते. औषधांचा डबा, चष्मा आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णासुद्धा नेली होती. आमच्या पोरांना त्यांनी चहा पाजला आणि विचारले, ‘तुमचे मंडळ काय काम करते?’

आता मी पहिल्या ठरावाकडे येतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या भाईंच्या आईचे खुब्याचे ऑपरेशन झाले. वॉकर आणि खाट हवी होती. काकूंनी त्यांना आपल्या खोलीवर पाठवले. शनिवारी संध्याकाळी खोलीवर मीच बसतो. आपल्या अर्जात पहिला रकाना आहे : ‘अर्जदार मराठी भाषिक आहे काय?’ आणि आपल्या घटनेत कलम आहे की रुग्णसाहित्य ‘मराठी भाषिक कुटुंबांना’ द्यावे. भाई रकान्यापाशी थांबले आणि माझ्याकडे पाहिले. मला तेव्हा ते कोण आहेत हे माहीत नव्हते. मी नियम सांगितला. ते ‘वांधो नही’ म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. त्या मला काय बोलल्या ते इथे सांगण्यासारखे नाही, पण त्यांनी ते शुद्ध मराठीत सांगितले. मी स्वतः जाऊन खाट पोचवली. तोवर त्यांनी बाजारातून भाड्याने आणली होती.

मी नियमाप्रमाणे वागलो, असे कार्यकारिणीतल्या काही मित्रांनी मला समजावले. मला ते पटले नाही. नियम मीच वाचून दाखवला होता, म्हणून तो बदलण्याचा ठरावही मीच मांडतो आहे : रुग्णसाहित्य गरजेप्रमाणे कोणालाही द्यावे, आणि अर्जातला पहिला रकाना काढून टाकावा.

याला विरोध आहे आणि तो करणारी माणसे क्षुद्र मनाची नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. त्यांचे म्हणणे असे : या गावात आपली संख्या कमी होत चालली आहे, मराठी शाळांची अवस्था आपण पाहतो आहोत, संस्थानी काळातल्या कित्येक संस्थांत आज मराठी फलक तेवढा उरला आहे. मंडळ सगळ्यांसाठी खुले केले तर दहा वर्षांत तेही असेच होईल. ही भीती खोटी नाही. माझी नात आमच्याशी गुजरातीत भांडते आणि हिंदीत रुसते, मराठी फक्त आजीकडे काही मागताना वापरते.

पण मी सदस्यत्व खुले करा असे म्हणत नाही. इतिवृत्त मराठीत राहील, बालवर्ग राहील, वाचनालय राहील, गणपतीत नाटक बसवणे राहील, आणि नाटकाला प्रेक्षक जमवण्याची दरवर्षीची धावपळही राहील. भाषा टिकवायची तर ती या कामांतून टिकेल. खाटेवर ‘फक्त मराठी’ लिहिल्याने एकाही मुलाचे मराठी सुधारलेले मी पाहिले नाही. आपण ज्यांच्या नावाने अभिमान सांगतो त्या सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला. अमरेली म्हणजे पक्के गुजराती सौराष्ट्र. १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. राजा मराठी, कारभारात गुजरातीला मान, आणि १९३१ साली शासकीय शब्दांचा कोश काढला तो आठ भाषांचा. त्या राज्यात आपल्या पणजोबांना नोकऱ्या मिळाल्या, म्हणून आपण इथे आहोत. आपल्याला या गावाने आजवर उपरे म्हटले नाही, त्याचे कारण त्या काळात आहे, आणि थोडे त्या भाईंच्या पाठीतही आहे.

ठराव संमत झाला तर घटनेतला बदल चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात नोंदवावा लागेल. वकील सभासदांनी विनाशुल्क काम करण्याचे कबूल केले आहे. त्यांचे आभार, आणि त्यांनी ते लवकर करावे अशी विनंती.

दुसरा ठराव अधिक अडचणीचा आहे. तो नदीचा आहे.

मंडळाने राजकारण करू नये हे आपल्या घटनेच्या पहिल्या पानावर आहे. ठीक आहे. पण निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाचा माणूस आपल्या गणपतीत येतो, आरतीला उभा राहतो, मराठीत चार वाक्ये बोलतो, ‘मराठी समाज आमचा पाठीराखा’ म्हणतो, आणि आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. तेव्हा कोणाला घटना आठवत नाही. २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, पुराला जेमतेम दहा दिवस झाले होते. त्या वर्षीही पाहुणे आले. शाली दिल्या. कांस का तुंबला, हे आपल्यापैकी एकानेही विचारले नाही. मीही नाही. शाली मीच आणल्या होत्या.

पुराची कारणे कोणापासून लपलेली नाहीत. नदीकाठची कोतरे भरून त्यांवर बांधकामे झाली. भूखी, रूपारेल, मसिया हे कांस पावसाचे पाणी नेण्यासाठी होते, ते कुठे अरुंद झाले, कुठे झाकले गेले, कुठे कचऱ्याने भरले. विश्वामित्रीबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये महानगरपालिकेला स्पष्ट आदेश दिले होते. पुरानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, नदी खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले. ते झाले याचे श्रेय ज्यांना द्यायचे त्यांना जरूर द्यावे. पण गाळ एकदा काढून भागत नाही, तो दरवर्षी येतो. आणि भरलेली कोतरे गाळ काढून परत येत नाहीत. त्या बांधकामांत घरे कोणी घेतली? आपण घेतली. म्हणून हे पत्र फक्त दुसऱ्याकडे बोट दाखवणारे असू नये, हेही मला मान्य आहे.

काहीजण म्हणतात, सेवा संस्थेचे काम वाटप करणे, जाब विचारणे नव्हे. मी त्यांना रोटरीचे उदाहरण देतो. आपले बरेच सभासद तिकडेही आहेत. १९०५ मध्ये शिकागोत चार मित्रांनी सुरू केलेला क्लब. १९८५ मध्ये त्यांनी पोलिओ घेतला. नुसते पैसे वाटले असते तर पोलिओ गेला नसता. सरकारांकडे पाठपुरावा केला, १९९५ पासून आपल्याकडे पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले तेव्हा बूथवर माणसे बसवली, आणि ज्या घरांनी दार लावले त्या घरांत पुन्हा पुन्हा गेले. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लस सरकारची होती, आरोग्यसेविकांचे पाय झिजले, पण क्लबाने तीस वर्षे विषय सोडला नाही. आपल्याला एक कांस तीस वर्षे धरून ठेवता येणार नाही का?

याच ओघात रक्तदानाचेही सांगून टाकतो. नेत्यांच्या वाढदिवसाला एकाच दिवशी गावभर शिबिरे होतात. तांबड्या पेशी फार तर पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. वाढदिवसाला रक्तपेढीत ठेवायला जागा नसते आणि मे महिन्यात नातेवाईक दारोदार फिरतात. आपले शिबीर यापुढे कोणाच्याही वाढदिवसाला नसेल, ते उन्हाळ्यात असेल, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. दोघेजण नाराज झाले आहेत. त्यांच्या नेत्यांना आमच्या शुभेच्छा.

तर दुसरा ठराव : दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मंडळाने आपल्या सभासदांच्या वस्त्यांतील कांसांची प्रत्यक्ष पाहणी करून, फोटोसह लेखी निवेदन महानगरपालिकेला द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि पोच, उत्तर व न आलेले उत्तर या पत्रिकेत छापावे. निवेदनावर शेजारच्या गुजराती, सिंधी, मुस्लिम, ज्या कोणा रहिवाशांच्या सह्या मिळतील त्या घ्याव्यात. मराठी समाजाचे निवेदन म्हणून गेले तर ते एका समाजाचे गाऱ्हाणे ठरते. गल्लीचे म्हणून गेले तर अधिकाऱ्याला गल्लीत यावे लागते.

यात धोका आहे, तो लपवत नाही. आपल्याला सभागृह सवलतीत मिळते. ज्यांच्या शब्दाने मिळते त्यांना हे निवेदन आवडेलच असे नाही. एका हितचिंतकांनी मला गेल्या आठवड्यात फोन करून सुचवले की ‘निवेदन’ऐवजी ‘विनंती’ लिहा आणि छापू नका. ‘विनंती’ लिहायला माझी हरकत नाही. न छापण्याला आहे. सवलत गेली तर कोजागिरी गच्चीवर करू, दूध तेवढेच आटते.

शेवटी हिशेब. रुग्णसाहित्य आता पहिल्या मजल्यावर आहे. सप्टेंबर २०१९ च्या ठरावाची अंमलबजावणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. महानगरपालिकेला विलंबाबद्दल लिहिताना ही पाच वर्षे आपल्या ध्यानात असावीत. एकट्या ज्येष्ठांची वही तयार आहे. तीत प्रत्येकाचा पत्ता, मजला, रोजची औषधे, बाहेरगावच्या मुलाचा नंबर, आणि शेजाऱ्याचा नंबर आहे. शेजाऱ्याचा रकाना रिकामा असलेली तेवीस घरे आहेत. सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. आपल्या गल्लीतले घर दिसले तर तिथे आपले नाव लिहा, किंवा ज्याचे दार जवळ असेल त्याचे लिहा, मात्र त्याला विचारून.

खोलीची एक किल्ली मी आज नव्या कार्यवाहांकडे देतो. दुसरी किल्ली खालच्या मेडिकल स्टोअरमध्ये असते, रात्री दहापर्यंत. तो मुलगा राजस्थानी आहे, पण मराठी समजते.

ठराव क्रमांक एक मी मांडतो. काकूंनी अनुमोदन देण्यासाठी हात वर केला आहे, तो अध्यक्षांनी पाहावा.